झाकणाखालची लाख

पुणे,
३ नोव्हेंबर २०२५

शिवकन्या,

तुझा अर्ज मिळाला. सहा ओळींत दोनदा 'संधी' मागितली आहेस आणि आपल्याला काय येते ते एकदाही सांगितलेले नाहीस. माझे नाव खोडून दुसऱ्या कुणाचे घातले असते तरी तो अर्ज चालला असता. असे अर्ज मी वाचत नाही. हा वाचला, कारण खाली 'सिदू ड्रायव्हर यांची नात' असे लिहिले होते. ती ओळ शिफारस म्हणून लिहिली असशील तर तुझा अंदाज चुकला.

रणधीर माझा विद्यार्थी. त्याच्या कार्यशाळेत जुन्या मोटारी मूळ स्वरूपात आणल्या जातात. वर्षाला तो दोनच नवी माणसे घेतो आणि त्यातली एक जागा माझ्या चिठ्ठीसाठी राखून ठेवतो. तीस वर्षे यंत्रशास्त्र शिकवून मी अशा अकरा चिठ्ठ्या दिल्या. तंत्रनिकेतनाची पदविका आणि ट्रॅक्टरच्या शोरूममधले दीड वर्ष एवढ्यावर बारावी देण्याइतका मी उदार नाही. यंदाची मुदत ३१ डिसेंबर आहे. त्याआधी तुझी परीक्षा घेईन.

धाराशिवला आमच्या घरामागे पत्र्याच्या गॅरेजमध्ये वडिलांची १९६३ची अँबॅसिडर उभी आहे. जून १९७९ पासून ती हललेली नाही. कारण तुझ्या घरी कुणी सांगितले नसेल, म्हणून मी सांगतो. आईच्या छातीत कळ आली तेव्हा वडील वकिलीच्या कामाने औरंगाबादला कोर्टात होते. सिदू तिला घेऊन सोलापूरला निघाला. तामलवाडीच्या पुढे इंजिनातले तेल संपले. वरच्या झाकणाच्या सांध्यातून ते सगळे वाहून गेले होते. ट्रक मिळेपर्यंत पाऊण तास गेला, आणि आई रस्त्याच्या कडेलाच गेली. त्या इंजिनाची निगा सोळा वर्षे सिदूकडे होती. वडिलांनी त्याच आठवड्यात त्याला काढले, गाडी ओढून आणली आणि गॅरेजला कुलूप घातले. त्यानंतर बॉनेट कुणी उघडलेले नाही.

तू उघडायचे. वरचे झाकण, ज्याला तुम्ही टॅपेट कव्हर म्हणता, आणि बाजूची दोन छोटी झाकणे काढ, तपास, दुरुस्त होण्यासारखी नसतील तर बदल. तिन्ही पॅकिंगे नवी बसव. नंतर इंजिन अर्धा तास चालव आणि खाली पांढरा कागद अंथरून चोवीस तास तसाच ठेव. कागदावर थेंब दिसला तर पत्र पाठवण्याचे कष्ट घेऊ नकोस.

अहवाल हाताने लिहून टपालाने यावा. फोनवरची छायाचित्रे मी पाहणार नाही. छायाचित्रात यंत्र दिसते, पाहणाऱ्याची नजर दिसत नाही, आणि मला तीच तपासायची आहे. जे दिसेल ते सगळे लिही. सोयीचे तेवढे नव्हे.

किल्ली घर सांभाळणाऱ्या मथुराबाईकडे आहे.

कृष्णराज


धाराशिव,
१० नोव्हेंबर २०२५

आदरणीय सरांस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले पत्र शुक्रवारी मिळाले. शनिवारी सकाळी शोरूमला जाण्याआधी मी आपल्या इथल्या घरी गेले. मथुराबाईंनी दाराची कडी काढण्याआधी मला दोनदा नाव विचारले.

"सिदूची नात व्हय तू? मग किल्ली द्यायला भ्याच वाटतंय बाई. तुझ्या आज्यानं येकदा न्हेली ती गाडी, माघारी दोरीनं वडून आली."

मी म्हटले, "मावशी, मी कुठं नेणार नाही. जागेवरच उघडून बघायचीय."

"लई शिकलीस म्हनं. उंदरं हाकलायचं कितव्या यत्तेत शिकिवत्यात?"

ते त्यांनी थट्टेने म्हटले, पण उपयोगाचे निघाले. एअर क्लीनरमध्ये उंदराचे घरटे होते. त्यात कापूस, बाभळीच्या शेंगा आणि कोर्टाच्या कागदाचा एक तुकडा सापडला. ते काढले. चारही चाके जमिनीला टेकली आहेत. बॅटरी नावापुरती आहे. इंजिन अडकलेले होते. स्पार्क प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि तेल बरेच ओतले आणि काल रविवारी दुपारी हँडलने हळूहळू जोर देऊन पाहिला. पहिल्या दोन वेळा हलले नाही. तिसऱ्यांदा पाव फेरा फिरले, मग पूर्ण फिरले. आतून घासल्याचा आवाज नाही. म्हणजे इंजिन जळण्याआधी ते बंद केले गेले होते, असे मला वाटते.

आजोबांना मी या कामाविषयी सांगितलेले नाही. ते तामलवाडीला शेतातल्या घरीच असतात. मोटारीचा विषय आमच्याकडे कुणी काढत नाही. मी पदविकेला यंत्र शाखा घेतली तेव्हा ते महिनाभर माझ्याशी बोलले नव्हते. आपल्या घरी झालेल्या दुःखाबद्दल आमच्या घरातून आजवर कुणी दोन शब्द लिहिले नाहीत. ते माझ्याकडून स्वीकारावेत.

पुढच्या रविवारी झाकण काढेन.

आपली नम्र,
शिवकन्या


पुणे,
१४ नोव्हेंबर २०२५

शिवकन्या,

साष्टांग नमस्कार यंत्राला पोहोचत नाही, मलाही नको. पुढच्या पत्रात ती ओळ आली तर पत्र तिथेच मिटेन.

तेल 'बरेच' ओतलेस. बरेच म्हणजे किती? डिझेल आणि तेल कोणत्या प्रमाणात? हँडलला जोर एकटीने दिलास की कुणाच्या मदतीने? ज्याला माप सांगता येत नाही त्याने काम केलेले नसते, त्याच्या हातून ते घडलेले असते. ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये हा फरक कुणी शिकवत नसावे.

'इंजिन जळण्याआधी बंद केले गेले' हे निरीक्षण बरोबर आहे. 'असे मला वाटते' हे शब्द अनावश्यक आहेत. यंत्राला काय झाले याच्याशी तुझ्या वाटण्याचा संबंध नाही.

दुःखाचे दोन शब्द मी मागितले नव्हते. ज्याने ते द्यायला हवे होते त्याने सेहेचाळीस वर्षे दिले नाहीत. नातीकडून ते उसने घेऊन मी काय करू? मथुराबाईचे बोलणे अहवालात नको, मात्र वाचले. तिने किल्ली देताना जे म्हटले त्यात मला दुरुस्ती करावीशी वाटत नाही.

झाकण काढण्याआधी तेल कुठून ओघळले ते पाहा. काढताना पॅकिंग कसे सुटते ते पाहा. मला तेच हवे आहे.

कृष्णराज


धाराशिव,
२४ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सर,

आधी राहिलेली मापे. प्रत्येक सिलिंडरमध्ये साठ मिलिलिटर मिश्रण घातले, डिझेल आणि इंजिन तेल निम्मे निम्मे. हँडल एकटीने फिरवले.

आता झाकणे. इंजिनाच्या मागच्या बाजूला, चालकाच्या पायांकडे, वाळलेल्या तेलाचा जाड काळा थर आहे. पुढची बाजू त्या मानाने स्वच्छ आहे. म्हणजे तेल मागच्या टोकाने गेले. वरच्या झाकणाला दोन नट आहेत. पुढचा साध्या पान्याने सुटला. मागच्याला रात्रभर रॉकेल घालून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी लांब पाना लावला. झाकण लवकर सुटले नाही. लाकडी हातोडीने कडेकडेने ठोकून, पातळ सुरी फिरवून काढले. पॅकिंग तुकड्यातुकड्यांनी निघाले. इंजिनाच्या डोक्याची बैठक खरवडून आरशासारखी केली.

झाकण आतून गंजलेले होते, म्हणून बदलले. सोलापूरच्या जुन्या बाजारात त्याच बनावटीचे दुसरे मिळाले. ते जाड काचेवर उपडे ठेवून चारही कडांना फट मोजायची फीलरची पाती लावून पाहिली. इंचाच्या दोन हजारांशाची पातीही कुठे आत जात नाही. टॅपेटची फट आठही झडपांना पंधरा हजारांश ठेवली.

बाजूची झाकणे हवेच्या आणि धुराच्या नळ्यांच्या मॅनिफोल्डखाली आहेत. मागच्याला हात पोहोचत नाही, म्हणून मॅनिफोल्ड काढले. ही दोन्ही झाकणे सरळ आहेत. त्यांचे पत्रे साफ करून तीच ठेवली. तिन्ही पॅकिंगे नव्या कॉर्कची. चिकट फक्त झाकणाच्या बाजूला लावले, इंजिनाच्या बाजूला ग्रीसचा हात दिला. वरचे नट हलकेच, चार फूट-पौंडांवर थांबवले.

मी मॅनिफोल्ड काढत असताना मथुराबाई चहा घेऊन आल्या आणि बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांचे बोलणे आपल्याला नको आहे, म्हणून लिहीत नाही. एवढेच कळवते की चहा दिला.

जुने झाकण भंगारात दिले.

शिवकन्या


पुणे,
२८ नोव्हेंबर २०२५

शिवकन्या,

पत्र वाचले. पहिल्याच्या मानाने हे माणसाने लिहिलेले आहे. मॅनिफोल्ड काढण्याचा कंटाळा केला नाहीस, हे नोंदवतो. दहातले नऊ मेकॅनिक तिथे चाचपडत पाना फिरवतात आणि देवाचे नाव घेतात.

मात्र तीन प्रश्न. प्रत्येकाचे उत्तर एका ओळीत हवे.

पहिला. झाकण हातोडीने ठोकून काढावे लागले आणि पॅकिंगचे तुकडे झाले, म्हणजे ते चिकटलेले होते. कशाला? झाकणाला, इंजिनाला, की दोन्हीकडे?

दुसरा. नव्या झाकणाची फट काचेवर मोजलीस. जुन्याची किती होती? जी मुलगी विकत आणलेल्या पत्र्यावर दोन हजारांश शोधते, तिने काढलेला पत्रा काचेवर ठेवून पाहिलाच नाही, हे मला पटत नाही.

तिसरा. ज्या वस्तूमुळे एक माणूस मेले ती भंगारात देण्याची घाई कसली होती?

उत्तर देण्याआधी पुन्हा आठव. पुन्हा विचारणार नाही.

कृष्णराज


धाराशिव,
८ डिसेंबर २०२५

आदरणीय सर,

एक. पॅकिंग कुजलेले होते. ते कशाला चिकटले होते ते सांगता येत नाही.

दोन. गंजामुळे कडा खराब झाल्या होत्या. फट मोजता आली नाही.

तीन. शोरूमच्या खोलीत ठेवायला जागा नव्हती.

इंजिन काल चालवले. नवे तेल घातले, पेट्रोलची टाकी बाजूला ठेवून कॅनमधून नळी दिली, बॅटरी शोरूममधून मागून आणली. आधी प्लग काढून हँडलने फिरवत राहिले, वर झडपांच्या रॉकरवर तेल चढलेले डोळ्यांनी पाहिले, मगच झाकण शेवटचे बसवले आणि स्टार्टर दाबला. चौथ्या प्रयत्नाला इंजिन लागले. पहिली पाच मिनिटे धूर होता, मग स्वच्छ झाले. मोजून तीस मिनिटे चालवले. तेलाच्या दाबाचा दिवा लागला नाही. झाकणाच्या कडेने बोट फिरवले, कोरडे होते. बंद करून कागद अंथरला.

आज त्याच वेळी कागद काढला. मथुराबाई सकाळपासून दोनदा वाकून बघून गेल्या होत्या. मी कागद उजेडात धरला तर म्हणाल्या, "ह्याच्यावर तर काहीच न्हाय की गं! चोवीस तास बसून हे केलंस? मग सायबाला काय धाडतीस, कोरा कागद?"

मी म्हटले, "व्हय मावशी, कोराच मागितलाय त्यांनी."

त्यांना हसू आवरेना. मग पदर तोंडाला लावून गॅरेजच्या दारात बसल्या आणि म्हणाल्या, "त्या इंजनाचा आवाज आयकून बाईसाहेब आठवल्या." त्यांचे बोलणे अहवालात घेऊ नये, हे मला ठाऊक आहे. पण आपल्या आईचा उल्लेख होता, म्हणून घेतले.

तो कागद सोबत जोडला आहे.

शिवकन्या


धाराशिव,
१९ डिसेंबर २०२५

आदरणीय सर,

८ तारखेचे पत्र आणि कागद स्पीड पोस्टने १० तारखेला पोहोचल्याची पावती माझ्याकडे आहे. आपला निर्णय कळलेला नाही. रणधीर सरांच्या कार्यशाळेत चौकशी केली. एक जागा भरली, दुसरी आपल्या चिठ्ठीसाठी थांबवली आहे असे सांगितले. मुदतीला बारा दिवस उरले आहेत. मी शोरूममध्ये राजीनाम्याचा विषय अजून काढलेला नाही.

उत्तराची वाट पाहते.

शिवकन्या


पुणे,
२४ डिसेंबर २०२५

शिवकन्या,

कागद भिंगाखाली पाहिला. स्वच्छ आहे. हाताच्या कामाला शंभरपैकी शंभर गुण देतो. तीस वर्षांत एवढे गुण मी चौघांना दिले, आणि त्या चौघांना माझ्यासारखा शिक्षक होता. तुला नव्हता.

चिठ्ठी देणार नाही. रणधीरला आज तसे कळवले आहे.

कारण सांगणे माझ्यावर बंधनकारक नाही, परंतु उत्तरपत्रिकेसोबत नमुना उत्तर द्यावे अशी माझी पद्धत आहे.

मे १९७९. मी तिसऱ्या वर्षाला होतो आणि सुट्टीत घरी आलो होतो. टॅपेट शास्त्रशुद्ध लावून दाखवावेत म्हणून झाकण मी उघडले. सिदू बाजूला उभा होता. तो म्हणाला, "धाकलं सायेब, नट लई आवळू नका, झाकन रुसतंय." मी ड्रायव्हरकडून यंत्रशास्त्र शिकत नव्हतो. पुण्याहून शेलॅकची बाटली आणली होती. लाखेचा तो रस मी पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना लावला आणि दीड फुटी पान्याने नट फिरायचे थांबेपर्यंत आवळले. पत्रा मध्ये दबला आणि टोके उचलली. मागच्या टोकाला पॅकिंग धरून ठेवायला काही उरले नाही. मी पुण्याला परतलो. दहा दिवसांनी तार आली.

वडिलांनी सिदूला विचारले, झाकण शेवटी कुणी उघडले. तो गप्प राहिला. मला कुणी विचारले नाही, आणि विचारल्याशिवाय उत्तर देण्याची मला सवय नाही.

याला पश्चात्ताप समजू नकोस. मी तुला हे अशासाठी सांगतो की त्या झाकणाखाली काय आहे हे जगात दोघांनाच ठाऊक होते, आणि त्यातला एक मी. तू काय लिहितेस ते मला तपासता येणार होते. तू खोटे लिहिलेस. तेलाच्या चिकट थराखाली राहिलेल्या पत्र्याला आतून गंज चढत नाही. शेलॅक सेहेचाळीस वर्षांत कुजत नाही. वाकलेला पत्रा डोळ्यांना दिसतो, त्याला काचही लागत नाही. तुला सगळे दिसले. मी तीन प्रश्न विचारून दार पुन्हा उघडले, तर तू तीनदा खोटे बोललीस.

कशासाठी? आजोबाचे पाप झाकायला. आता ते कुणाचे होते हे कळले, तेव्हा तू काय केलेस ते पाहा. माझ्या पहिल्या पत्रात झाकण सिदूने बसवले असे कुठेही लिहिलेले नाही. निगा त्याच्याकडे होती, एवढेच लिहिले आहे. बाकीचे तू भरलेस. तामलवाडी धाराशिवहून तासाभराच्या अंतरावर आहे. तिथे जाऊन म्हाताऱ्याला एकच विचारायचे होते की तुम्ही पॅकिंग कसे बसवायचात. तू विचारले नाहीस, कारण उत्तराची तुला खात्री होती. गावाने त्याला ऐकीव गोष्टीवर दोषी धरले. तू पुरावा हातात असताना धरलेस. माझ्या मते तुझा अपराध गावापेक्षा मोठा आहे.

ज्याला दिसते आणि जो लिहीत नाही, त्याच्या हाती मी दुसऱ्याची मोटार देणार नाही.

किल्ली मथुराबाईला परत कर.

कृष्णराज


धाराशिव,
५ जानेवारी २०२६

कृष्णराज सर,

आपले पत्र २९ तारखेला मिळाले. कार्यशाळेतली दुसरी जागा ३० तारखेला भरली. मी शोरूममध्ये आहे. किल्ली दिली.

राहिलेल्या नोंदी देते. शेलॅक पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना होते, मागच्या टोकाला बोटभर रुंदीत जास्त. जुने झाकण काचेवर ठेवले तेव्हा मागच्या टोकाला नव्वद हजारांश फट होती, पुढच्या टोकाला साठ. मागच्या कडेला पॅकिंगचा अडीच इंचांचा तुकडा बाहेर आला होता. गंज नव्हता. हे सगळे १६ नोव्हेंबरला दुपारी मी पाहिले, आणि ते आजोबांनी केले असे समजून लपवले. आपण माझ्याविषयी जे लिहिले ते खरे आहे.

काल रविवारी तामलवाडीला गेले. आजोबा अंगणात तुरीच्या शेंगा झोडत बसले होते. मी समोर बसून विचारले, "आजोबा, तुम्ही झाकणाचं पॅकिंग कसं बसवायचात?"

त्यांनी हातातली काठी खाली ठेवली. एवढ्या वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"बाभळीचा डिंक," ते म्हणाले. "झाकनाच्या अंगाला निस्ता. इंजनाच्या अंगाला ग्रीस. उद्या परत काढायचंच असतंय न्हवं झाकन? आन् नट दोन बोटानं. मनगट वळंल तेवढंच. खांदा लागला की समजायचं, चुकलं."

मी तसेच बसवले होते, डिंकाऐवजी बाजारातले चिकट घेऊन. मला ते कॉलेजात शिकवले होते.

मग आपले पत्र वाचून दाखवले. आजोबांना ऐकू कमी येते. प्रत्येक वाक्य मोठ्याने आणि दोनदा वाचावे लागले. शेजारच्या वस्तीवरची माणसे काय झाले म्हणून आली आणि शेवटपर्यंत उभी राहिली. दीड फुटी पान्याच्या ओळीला कुणीतरी हसले. आजोबांनी त्याला गप्प केले.

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "बॉनेट उघडलं तवाच दिसलं. पॅकिंग जिभंवानी भाईर आलं व्हतं, दोनी अंगानं लाल."

"मग वकीलसाहेबांनी विचारलं तेव्हा बोलला का नाहीत?"

"त्या लेकराची आय मेली व्हती गं. त्यात म्या आनिक हे सांगू?"

आपण त्या वेळी एकवीस वर्षांचे होता. आजोबा अजून आपल्याला लेकरूच म्हणतात. त्यांनी सोळा वर्षे चालवलेली गाडी, नोकरी आणि गावातले तोंड या एका वाक्यापायी गेले, आणि आपण त्यांचे ते गप्प बसणे सेहेचाळीस वर्षे वापरलेत.

उठताना त्यांनी मला विचारले, "मंग तुला चिट्टी देनार न्हवं सायेब? इतकं चांगलं काम केलंस." पत्राचा तो भाग मी वाचलाच नव्हता. मी म्हटले, देणार आहेत. आपण खोट्याची नोंद ठेवता, तेव्हा हेही ठेवावे.

आता शेवटचे. ट्रकची वाट पाहताना बाईसाहेबांना शुद्ध होती. आजोबांनी त्यांना बाभळीखाली स्वतःच्या फेट्यावर निजवले होते. त्या आपल्याविषयी एक वाक्य बोलल्या आणि त्यानंतर काही बोलल्या नाहीत. आजोबांनी ते वाक्य काल मला सांगितले, बाईसाहेब जशा थांबत थांबत बोलल्या तसेच, आणि म्हणाले, "हे तेवढं धाकल्या सायबाला लिव. मला लिवता येत न्हाय म्हनून ऱ्हायलं."

मी ते लिहिणार नाही. मला दिसते आणि मी लिहीत नाही, असे आपणच ठरवले आहे.

आपल्याला हवे असेल तर तामलवाडीला यावे लागेल. आजोबा पंच्याऐंशी वर्षांचे आहेत, थंडीत छाती भरते, तेव्हा उशीर करू नये. ते अंगणातच बसलेले असतात आणि आता वस्तीवरची माणसेही तिथे येऊन बसतात. प्रश्न मोठ्याने विचारावा लागेल, आणि एकदा विचारून त्यांना ऐकू येणार नाही.

शिवकन्या